कॉकटेलसाठी पिंजरा घेताना: लांबी, गज, फांद्या आणि पत्र्याखालची खोली

प्रश्न: आम्ही लातूरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो, वर पत्रा आहे. लेकीनं पोपटाचा हट्ट धरलाय. सासूबाई म्हणतात देशी मिठ्ठूच आणा. दुकानदार कॉकटेलची जोडी, गोल पिंजरा, मडकं, आरसा, झोका आणि वाळू असा सगळा सेट एकदमच देतो म्हणतोय. पिंजरा कोणता घ्यावा आणि त्यात नेमकं काय काय लागतं?

ताई, पिंजऱ्याआधी मिठ्ठूचा विषय संपवू. आपला गळ्यात कंठ असलेला देशी पोपट वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे. या कायद्यात २०२२ साली सुधारणा झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि हा पोपट आता दुसऱ्या अनुसूचीत आहे. त्याला पकडणं, विकणं, विकत घेणं आणि घरात ठेवणं, सगळंच गुन्हा आहे. आठवडी बाजारात टोपलीतून येणारी पिल्लं झाडाच्या ढोलीतून ओरबाडून आणलेली असतात आणि त्यातली किती तरी घरी पोचायच्या आधीच मरतात. सासूबाईंना हे शांतपणे सांगा. ओळखीत कुणाकडे असा पोपट असेल तर तो तसाच उडवून देऊ नका म्हणावं. माणसाच्या हातून खाणारा पक्षी बाहेर एकटा तगत नाही. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करून त्यांच्या ताब्यात द्यावा.

कॉकटेल म्हणजे डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट, मूळचा ऑस्ट्रेलियातला. आपल्याकडे विकले जातात ते पिंजऱ्यातच पैदास झालेले असतात आणि ते पाळायला कायद्याची आडकाठी नाही. पुढेमागे कोन्युर किंवा आफ्रिकन ग्रे असा दुसरा परदेशी पोपट घ्यायचा विचार आला, तर मात्र २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. विकणाऱ्याकडे कागद नसतील तर तो पक्षी घेऊच नका. कॉकटेलला ही नोंदणी लागत नाही. पण दोन गोष्टींचा घरात बसून विचार करा. नीट सांभाळला तर हा पक्षी पंधरा-वीस वर्षं जगतो. दुसरं, त्याच्या पिसांतून पांढरी भुकटी सतत झडत असते. घरात कुणाला दमा असेल तर कॉकटेल नको.

आता पिंजरा. मी पक्षी तपासणारा पशुवैद्य आहे. माझ्याकडे येणाऱ्या पाळीव पोपटांपैकी पुष्कळांच्या दुखण्याचं मूळ पिंजऱ्यात आणि त्यातल्या सामानात सापडतं. दुखण्यावर औषध देता येतं, पण पक्षी परत त्याच दांड्यावर आणि त्याच जाळीत जाऊन बसतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गोल पिंजरा घेऊ नका. पोपट सरळ वर उडत नाही, आडवा उडतो. उंच आणि अरुंद पिंजरा दिसायला ऐटबाज, पण त्यातली वरची जागा पक्ष्याच्या काही कामाची नसते. गोल पिंजऱ्यात आणखी एक दोष आहे. घाबरल्यावर पाठ टेकून बसायला त्याला कोपराच मिळत नाही, आणि घुमटाकडे गज एकमेकांजवळ येत जातात तिथं चढताना बोट अडकतं. आयताकृती पिंजरा घ्या. एका कॉकटेलसाठी कमीत कमी दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच. जोडीसाठी लांबी तीन फूट धरा, रुंदी दोन फूट. हे कमीत कमी झालं. खोलीत याहून मोठा मावत असेल तर मोठा घ्या, आणि पैसे वाचवायचे असतील तर खेळण्यांत वाचवा, लांबीत वाचवू नका. पक्षी फांदीवर बसून दोन्ही पंख पूर्ण पसरू शकला पाहिजे आणि त्याची लांब शेपटी गजांना घासता कामा नये. शेपटीची टोकं झिजून फाटलेली दिसली की पिंजरा अपुरा आहे हे समजायचं.

दुकानात जाताना मोजपट्टी न्या. दोन गजांमधलं अंतर कॉकटेलसाठी अर्धा इंच, फार तर त्याहून किंचित जास्त, म्हणजे १२ ते १६ मिलिमीटर. बाजारात लव्हबर्ड म्हणून विकतात त्या छोट्या बजरीगरसाठी अर्ध्या इंचापेक्षा जास्त अजिबात नको. कोन्युरला पाऊण इंचापर्यंत चालतं, आफ्रिकन ग्रेला एक इंचापर्यंत. डोकं बाहेर जाईल पण मागे येणार नाही, असं अंतर सगळ्यात घातक. पक्षी घाबरून मान हिसडतो आणि तिथंच लटकतो. निदान दोन बाजूंचे गज आडवे असावेत, कारण पोपट चोच आणि पाय वापरून चढतो आणि उभ्या गजांवरून तो घसरतो.

दार पारखायची माझी एक पद्धत आहे. हाताच्या बोटावर पक्षी बसला आहे असं धरून हात पिंजऱ्यात घाला आणि बाहेर काढा. मनगट घासत असेल, कोपर अडत असेल, तर ते दार लहान आहे. अशा दारातून रोज पक्षी काढताना एक दिवस त्याच्या पंखाला मार बसतो. वर सरकणारी छोटी दारं कॉकटेल चोचीनं उचलतो. ती मानेवर पडू शकतात, म्हणून त्यांना स्प्रिंगचा हुक लावा. वाट्या बाहेरूनच काढता-घालता येत असतील तर उत्तम. लेकीला जमेल आणि दार उघडं राहणार नाही.

धातूबद्दल दुकानदार काही सांगणार नाही, म्हणून हे नीट वाचा. बऱ्याच स्वस्त पिंजऱ्यांची जाळी जस्ताचा मुलामा दिलेली असते. वेल्डिंगवाल्याकडून करून घेतला तरी तो साधी गॅल्व्हनाइज्ड वेल्डमेशच वापरतो. पोपट दिवसभर गज चघळतो आणि ते जस्त पोटात जातं. पक्षी मलूल होतो, खाल्लेलं ओकतो, पाणी फार पितो, विष्ठा पातळ आणि हिरवट होते. घरच्यांना वाटतं उन्हानं झालं. नवी जाळी जवळून बघा. जोडाजवळ जस्ताचे बारीक थेंब आणि शेपट्या लोंबत असतात, आणि जुन्या जाळीवर बोट फिरवलं की पांढरी पूड लागते. या दोन्ही गोष्टी पक्षी आधी कुरतडतो.

सगळ्यात चांगलं स्टेनलेस स्टील, ३०४ ग्रेडचं. लोहचुंबक चिकटत नाही म्हणजे ३०४ असं धरू नका, २०२ ग्रेडलाही तो चिकटत नाही आणि ते लवकर गंजतं. बिलावर ग्रेड लिहून घ्या. स्टील महाग पडतं हे मला माहीत आहे. तुमच्या कॉकटेलसाठी लोखंडी, चांगलं पावडर कोटिंग केलेला पिंजरा पुरेसा आहे, कारण हा पक्षी कोन्युरइतका कुरतडणारा नाही. फक्त नखानं कोटिंग खरवडून बघा. पापुद्रा निघाला तर तो पिंजरा ठेवून द्या. गॅल्व्हनाइज्डशिवाय पर्यायच नसेल तर तारेच्या ब्रशनं सगळी जाळी व्हिनेगर लावून घासा, लोंबते थेंब कानशीनं काढा, भरपूर पाण्यानं धुवा, उन्हात वाळवा आणि मगच पक्षी सोडा. यानं धोका कमी होतो, संपत नाही. माळ्यावरचा जुना रंगवलेला पिंजरा मात्र नकोच. जुन्या रंगात शिसं असू शकतं. पितळी पिंजऱ्यातही जस्त असतंच.

आता पायाखालचा दांडा. सेटमध्ये दोन प्लॅस्टिकचे किंवा गुळगुळीत लाकडी दांडे येतात, दोन्ही एकाच जाडीचे. माणूस झोपताना तरी पाय लांब करतो, पोपट चोवीस तास पायांवरच असतो. एकाच जाडीच्या दांड्यावर रोज तळव्याच्या त्याच त्या जागी दाब पडतो. पक्षी हातात घेऊन त्याचं पाऊल उलटं करून उजेडात बघा. निरोगी तळव्यावर बारीक खवल्यांची स्पष्ट जाळी दिसते, हाताला खरखरीत लागते. ती जाळी पुसट होऊन कातडी गुळगुळीत, चकचकीत आणि गुलाबी दिसायला लागली की दुखणं सुरू झालेलं असतं. पुढे सूज, मग काळी खपली, मग आत पू. तिथवर गेलेलं पाऊल बरं करायला फार दिवस लागतात आणि कधी कधी ते बरं होतच नाही. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर ठेवलेल्या पक्ष्याला अ जीवनसत्त्व कमी पडतं आणि त्याचा तळवा आणखी लवकर बिघडतो. म्हणून दर आठवड्याला पावलं बघायची सवय लेकीला लावा.

उपाय फुकटात आहे. पेरू, कडुनिंब, शेवगा, जांभूळ यांच्या फांद्या, साल न काढता. जाडी करंगळीपासून अंगठ्यापर्यंत वेगवेगळी, थोड्या वाकड्या, गाठी असलेल्या. पक्ष्याच्या बोटांनी फांदीला साधारण पाऊण वेढा घातला पाहिजे. बोटं पूर्ण मिटून नखं तळव्याला टेकत असतील तर फांदी बारीक आहे. ब्रशनं घासा, उकळतं पाणी ओता, दोन दिवस कडक उन्हात वाळवा. टोकाला छिद्र पाडून स्टीलचा बोल्ट आणि बाहेरून मोठा वॉशर लावला की फांदी हलत नाही. साल तो सोलून काढेल, त्याला तेच हवं असतं. खराब झाली की दुसरी लावा.

आपल्याकडे घराघरात तुराट्या आणि पऱ्हाट्या पडलेल्या असतात आणि लोक त्याच पिंजऱ्यात घालतात. पऱ्हाटी कधीच घालू नका, कापसावर शेवटपर्यंत फवारणी चालते. तुरीवरही शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी फवारे होतात. स्वतःच्या शेतातली, न फवारलेली तुराटी असेल तर बजरीगरला चालेल, कॉकटेलला ती बारीक पडते. कण्हेर, रुई, बेशरम, घाणेरी आणि शेर यांची काडीसुद्धा पिंजऱ्याजवळ नको. नखं झिजावीत म्हणून वाळूच्या कागदाचं आवरण विकतात, तेही घेऊ नका, नखं झिजायच्या आधी तळवा सोलला जातो.

तीन फांद्या पुरेत. सगळ्यात उंच असलेली झोपायची, एक वाट्यांजवळ, एक दुसऱ्या टोकाला. मधली जागा उडी मारायला मोकळी ठेवा. वाट्यांच्या बरोबर वर फांदी लावली की विष्ठा पाण्यात पडते. ही चूक मला फार घरांत दिसते.

वाट्या स्टीलच्या, तीन. एक पाण्याची, एक कोरड्या दाण्यांची, एक भाजी-फळं आणि मऊ खाण्याची. बोअरच्या पाण्यानं वाटीला पांढरा क्षार धरतो आणि त्याखाली बुळबुळीत थर साठतो, म्हणून रोज घासायची. विसळून भागत नाही. उन्हाळ्यात पाणी दिवसातून तीनदा बदला. प्लॅस्टिकच्या नळीची पाणपोई आतून हिरवी होते आणि घासता येत नाही, म्हणून नकोच.

सेटमधल्या बाकीच्या वस्तूंचं सांगतो. मडकं आधी काढा. मडकं किंवा पेटी दिसली की मादीचं शरीर अंड्यांच्या तयारीला लागतं. मादी एकटी असली तरी अंडी घालते, पुन्हा पुन्हा घालते, अंगातलं कॅल्शियम संपतं आणि अंडं अडकून पक्षी दगावतो. पिल्लं काढायची नसतील तर मडक्याचं काम नाही. लोकरीचे झुपकेदार तंबू मिळतात, त्यांनीही हेच होतं, शिवाय धागे पोटात जातात. आरसाही नको. एकटा कॉकटेल आरशातल्या पक्ष्याला जोडीदार समजतो, त्याच्यासाठी दाणे ओकत बसतो आणि तुमच्या लेकीशी त्याची मैत्री होत नाही. वाळू आणि खडी कबुतराला लागते. पोपट दाणा सोलून खातो, त्याला ती लागत नाही आणि जास्त खाल्ली तर पोटात अडकते. झोका चालेल. समुद्रफेस, म्हणजे कटलफिशचं पांढरं हाड, मात्र जरूर लावा, काष्ठौषधीच्या दुकानातही मिळतो. तो स्वच्छ आणि वास नसलेला बघून घ्या.

तळाच्या ट्रेमध्ये वर्तमानपत्र घाला आणि रोज सकाळी बदला. भुसा किंवा साळीचं तूस ओलं झालं की बुरशी धरतं आणि ती थेट फुफ्फुसात जाते. कागदाचा आणखी फायदा म्हणजे विष्ठेचा रंग रोज दिसतो. पक्षी आजार लपवतो, विष्ठा लपत नाही. ट्रेच्या वर जाळी असली तर पक्षी खाली उतरून घाण चिवडत नाही.

खेळण्यांवर पैसे घालवू नका. कॉकटेलला फाडायला आणि शोधायला आवडतं. ज्वारीचं किंवा बाजरीचं कणीस टांगा, तो अर्धा दिवस त्यात रमतो. मक्याच्या कणसाच्या सालीत चार दाणे गुंडाळून गाठ मारा. मका बाजारातला असेल तर साल आधी नीट धुवा, लष्करी अळीमुळे मक्यावर फवारणी फार होते. दोन खेळणी आत, बाकी बाहेर, आठवड्यानं बदल. बैलाचं घुंगरू आत बांधू नका, त्याच्या फटीत बोट किंवा चोच अडकते. सुती दोरी चालेल, पण सुटलेले धागे रोज कापा. धाग्यात गुंतून बोट काळं पडलेले पक्षी मी पाहिले आहेत.

आता तुमच्या घरातली खरी अडचण, म्हणजे पत्रा. कॉकटेल कोरड्या प्रदेशातला आहे, सावली, पाणी आणि वारा असेल तर आपला उन्हाळा तो सोसतो. पण एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा ४२ च्या वर जातो तेव्हा पत्र्याखाली हवा आणखी तापते, आणि ती सगळी वरच्या भागात साठते. म्हणून पिंजरा आढ्याला टांगू नका. अडीच-तीन फुटांच्या भक्कम टेबलावर ठेवा, पाठ भिंतीला, आणि पश्चिमेची भिंत सोडून. पत्र्यावर कडबा किंवा उसाचं पाचट टाका, नाहीतर चुन्याचा पांढरा हात द्या. हे तुम्हालाही सुखाचं होईल. खिडकीला ओलं पोतं चालतं. कूलरचा झोत थेट पिंजऱ्यावर नको, तो खोलीत फिरू द्या, आणि कूलरच्या ताट्या जुन्या, कुबट वासाच्या असतील तर हंगामाच्या सुरुवातीला बदला. लाइट गेली की कूलरची बंद खोली लगेच कोंदट होते, तेव्हा खिडकी आधी उघडा.

चोच उघडी, धाप लागलेली आणि पंख अंगापासून लांब धरलेले दिसले की पक्षी तापला आहे. त्याला लगेच गार जागी न्या, साध्या पाण्यानं पाय ओले करा, पिसांवर हलका फवारा मारा. बर्फाचं पाणी वापरू नका. दहा-पंधरा मिनिटांत सुधारला नाही तर डॉक्टरांकडे न्या. तुमच्याच जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, परभणीलाही आहे.

हिवाळ्यात तोच पत्रा रात्री गारठतो. पिंजऱ्याच्या तीन बाजू जुन्या वाकळेनं झाका, एक बाजू हवेसाठी उघडी ठेवा. ऊब म्हणून खोलीत कोळशाची शेगडी कधीच नको, तिच्या धुरानं माणसाआधी पक्षी जातो. कॉकटेल अंधारात अचानक दचकतो आणि पिंजऱ्यात धडपडून पिसं मोडून घेतो, म्हणून रात्री एक मंद दिवा असू द्या. त्याला दहा-बारा तास शांत झोप हवी असते, टीव्ही उशिरापर्यंत चालतो त्या खोलीत ती मिळत नाही.

दोन खोल्यांपैकी एक स्वयंपाकाची असेल, तर पिंजरा दुसरीत. नॉनस्टिक भांडं रिकामं तापत राहिलं की त्यातून निघणारा वायू पोपटाला काही मिनिटांत मारतो आणि तो वायू आपल्याला जाणवतही नाही. शक्य असेल तर ते भांडंच घरातून काढा आणि लोखंडी तवा वापरा. फोडणीचा धूर, अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल, सगळंच लांब. मुंग्या येत असतील तर मुंग्यांचा खडू ओढू नका, टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. मांजर आणि उंदीर दोन्हींसाठी रात्री खोलीचं दार लावा.

पक्षी घरी आल्यावर पहिले चार-पाच दिवस त्याला पिंजऱ्यातच बसू द्या, बाहेर काढायची घाई नको. नंतर रोज तास-दोन तास बाहेर. बाहेर काढण्याआधी छताचा पंखा बंद, आणि तो पूर्ण थांबला की मगच दार उघडायचं. आपल्याकडच्या घरांत पंखा हा उडणाऱ्या पक्ष्याचा सगळ्यात मोठा शत्रू आहे. लेकीला हे एकदा सांगून चालणार नाही, पंख्याच्या बटणाशेजारी कागदावर लिहून चिकटवा. खिडक्यांना जाळी आहे का तेही त्याच वेळी बघा.

शेवटी एक छोटी खरेदी राहते, प्रवासाच्या पिंजऱ्याची. फूट-दीड फुटाचा, चौकोनी, आत एकच खालची फांदी, तळाला टॉवेल. तो आत्ताच घ्या आणि अधूनमधून त्यात कणीस ठेवून पक्ष्याला आत-बाहेर करू द्या, म्हणजे उदगीरला न्यायची वेळ आली तर पकडापकडीतच त्याचा अर्धा जीव जाणार नाही. मेमध्ये न्यायचं असेल तर सकाळची पहिली गाडी धरा.